शिडाच्या होड्यांच्या क्लबात स्वयंसेवक व्हायचंय? मुंबईतल्या नवख्यांसाठी

गेटवेच्या कठड्याशी उभं राहिलं की हिवाळ्यातल्या दुपारी समोर पांढरी शिडं दिसतात. बघणाऱ्या बहुतेकांना वाटतं की हे आपलं काम नाही, ही मोठ्या लोकांची हौस. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. माहेर परळचं, सासर दादरचं, दोन्हीकडे कुणाची होडी नाही. पोहायला शिकले तीही अडतिसाव्या वर्षी, दादरच्या महापालिकेच्या तलावात. आज क्लबात माझा पाचवा हंगाम चालू आहे. माझ्या मालकीची होडी अजूनही नाही, तरी ऑक्टोबर ते मेपर्यंतचे बहुतेक रविवार माझे पाण्यावर किंवा धक्क्यावर जातात.

वीस होड्यांची साधी शर्यत घ्यायची तर आमच्याकडे स्वतः शीड न हाकणारी बारा-चौदा माणसं लागतात. कुणी बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, टाकतं, कुणी झेंडे चढवतं, कुणी रेस्क्यू बोटीवर असतं, कुणी आकडे लिहितं, तर कुणी किनाऱ्यावर परतलेली डोकी मोजतं. ही माणसं कायम कमी पडतात. म्हणजे दार उघडंच आहे, फक्त कुठून शिरायचं ते कुणी सांगत नाही. मला ते कळायला जवळजवळ वर्ष लागलं. तुमचं वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी कुठल्या प्रकारचा क्लब आहे ते बघा

मुंबईत शिडाच्या होड्यांचा खेळ फार जुना. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या आणि फायरबॉल या प्रकारच्या होडीच्या वर्गात फारूक तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीनं भारताला सुवर्ण मिळवून दिलं. नौदल आणि लष्कर यांचीही इथे स्वतःची केंद्रं आहेत.

तुमच्या दृष्टीनं ढोबळमानानं चार प्रकार पडतात. पहिले जुने सदस्यांचे क्लब. तिथे सदस्य व्हायला कुणीतरी नाव सुचवावं लागतं, पैसेही बरेच लागतात. दुसरी सैन्यदलांची केंद्रं, जिथे बाहेरच्याला सहसा खुल्या स्पर्धेच्या वेळीच काम मिळतं. तिसऱ्या फी घेऊन शिकवणाऱ्या संस्था. चौथे, मुलांना शिकवण्यासाठी चालवलेले छोटे उपक्रम. स्वयंसेवकांची गरज चौघांनाही असते, पण नवख्याला सर्वांत लवकर सामावून घेतात ते शेवटचे दोन.

इथे पहिला गोंधळ होतो. क्लबाचं सदस्यत्व आणि स्वयंसेवक म्हणून नोंदणी या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. "मेंबरशिप किती?" असं विचारलंत तर कार्यालयातून मोठा आकडा ऐकू येईल आणि तुम्ही तिथूनच परत फिराल. माझं दोनदा असंच झालं. "शर्यतीच्या दिवशी मदतीला यायचंय, कुणाशी बोलू?" असं विचारा. स्वयंसेवकाकडून काही रक्कम मागितली, तर ती विम्याची आहे, ओळखपत्राची आहे की आणखी कशाची, हे लेखी घ्या.

२. पहिला निरोप असा पाठवा

"मला सेलिंगची आवड आहे, फुकटात शिकवाल का" असे निरोप आमच्याकडे दर आठवड्याला येतात आणि बहुतेकांना उत्तर जात नाही. निरोपात तीन गोष्टी असू द्या. कुठल्या रविवारी येऊ शकता, किती वाजता पोचू शकता आणि काय येतं. उदाहरणार्थ:

"नमस्कार. मी भांडुपला राहतो. महिन्यातले पहिले आणि तिसरे रविवार सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मोकळा आहे. पोहता येतं, होडीचा अनुभव नाही. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं आहे. धक्क्यावरचं कुठलंही काम चालेल."

"काय येतं" याचा अर्थ समुद्राचं ज्ञान असा धरू नका. आमच्या क्लबात सगळ्यांत जास्त मागणी आहे ती जाड कापड शिवता येणाऱ्या एका ताईंना, कारण फाटलं शीड त्या घरच्या शिलाई मशीनवर दुरुस्त करतात. वायरिंग येणारा, हिशेब लिहिणारा, बंदरातल्या कचेरीत नेमका मराठी अर्ज लिहून देणारा, अशा सगळ्यांना काम आहे. दर आठवड्याला येतो असं मात्र कबूल करू नका. महिन्यातून एकदाच, पण ठरलेल्या दिवशी हमखास येणारा माणूस क्लबाला जास्त उपयोगी पडतो. त्याच्या भरवशावर बोटी पाण्यात जातात.

३. कागदपत्रं

२००८ च्या नोव्हेंबरातला हल्ला समुद्रामार्गे आला. तेव्हापासून या किनाऱ्यावर ओळख तपासणी कडक आहे, आणि ती तशीच असायला हवी. मी ही एक प्लॅस्टिकची फाईल करून ठेवली आहे:

- आधार कार्ड किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ आणि दोन छायाप्रती. धक्क्यावरच्या पहाऱ्यावर मूळच दाखवावं लागतं.
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो.
- डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला. दमा, फिट येणं, मधुमेह, हृदयाचा त्रास असेल तर तसा स्पष्ट उल्लेख हवा.
- रक्तगट, चालू औषधं आणि घरच्या दोन माणसांचे नंबर. त्या दोघांपैकी एकजण तरी रविवारी फोन उचलणारा हवा.
- जोखीम मान्य असल्याचा क्लबाचा अर्ज. वाचून सही करा. विमा कुणाचा आणि कशापुरता आहे, ते त्यातच असतं.
- अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती, आणि पहिल्या दिवशी पालक स्वतः.

आजार लपवू नका. समुद्रावर फिट आली तर शेजारच्याला माहीत असणं हाच अर्धा उपाय असतो. आमच्या एका सहकाऱ्याला फिट येतात. तो बोटीवर जात नाही, पण धक्क्यावरचा सगळा रेडिओ तोच सांभाळतो.

४. पोहण्याची चाचणी

प्रत्येक क्लबाची चाचणी वेगळी. आमच्याकडे पूर्ण कपड्यांत पन्नास मीटर पोहायचं, मग लाईफ जॅकेट घालून दहा मिनिटं तरंगायचं. तलावात सहज पोहणाऱ्यांचीही कपड्यांत दमछाक होते, कारण भिजलेली जीन्स पाय खाली ओढते. आधी एकदा तलावाच्या परवानगीनं टी-शर्ट आणि ट्रॅक पँटमध्ये पोहून बघा.

पोहता येत नसेल तरी या. धक्क्यावर राहून करायची कामं भरपूर आहेत. मात्र धक्क्याच्या कडेला काम असेल तर तिथेही लाईफ जॅकेट घालायचं, आणि त्याचे पट्टे आवळलेले असायला हवेत. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीचा अपघात झाला. त्यानंतर लाईफ जॅकेटचं महत्त्व मुंबईत कुणाला वेगळं सांगावं लागू नये. तरी उकाड्यात पट्टे सैल करणारे दर रविवारी दिसतात. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि कानांशी अडकतं. माणसाला ते उचलत नाही. खांद्याचे पट्टे धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीला लागलं तर पुन्हा आवळा.

५. भरती-ओहोटी समजून घ्या

नवख्यांनी सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो या गोष्टीला. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे सकाळी ज्या पायरीवरून तुम्ही बोटीत पाय टाकलात, ती पायरी दुपारी तुमच्या डोक्याच्या वर असते. बोट बांधताना दोर आखूड ठेवला तर पाणी उतरल्यावर ती धक्क्याला टांगली जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका रबरी बोटीचं पुढचं टोक वर, इंजिन पाण्यात, आणि दोराची गाठ इतकी आवळलेली की शेवटी दोर कापावा लागला.

आमच्या क्लबात कुलाब्याच्या कोळीवाड्यातले एक जुने तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, आहेत, त्यांना सगळे तांडेलकाका म्हणतात. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात तिथीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. प्रत्यक्षात भरती या हिशेबापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा येते असा माझा अनुभव. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी. घरातल्या कालनिर्णयावर एक नजर टाकली की रविवारचा अंदाज येतो.

हा अंदाज घरी बसून ठरवण्यापुरता. कामासाठी अपोलो बंदरचे छापील भरतीचे तक्तेच बघायचे, आणि ते क्लबात फळ्यावर लावलेले असतात. आल्या आल्या त्यातल्या त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या चारही वेळा हातावर पेनानं लिहून घ्या. मी अजूनही लिहिते.

वाऱ्याचंही थोडं सांगते. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे अंगावर येतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून मंद वारा असतो. अकरा-बाराच्या सुमारास तो पडतो आणि पाणी तेलासारखं सपाट होतं. मग वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. मधल्या त्या पडेल वाऱ्यात जोराची ओहोटी असेल तर होड्या जागच्या जागी उभ्या न राहता दक्षिणेला, बंदराच्या तोंडाकडे वाहत जातात. रेस्क्यू बोटीवर असाल तर जेवणाचा डबा त्या वेळी उघडू नका.

६. पहिल्या रविवारी काय आणायचं, कसं पोचायचं

आदल्या रात्री मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. रविवारी सकाळी उशीर झालेल्या नव्या स्वयंसेवकांपैकी निम्म्यांचं कारण मेगाब्लॉक असतं, आणि बोट कुणासाठी थांबत नाही. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून पुढे बस किंवा शेअर टॅक्सी.

पूर्ण बाह्यांचा सुती किंवा पटकन वाळणारा शर्ट, दोरी असलेली टोपी, पाठीमागे बांधता येणारा गॉगल, दोन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, सुके कपडे, शिट्टी, घड्याळ, आणि पेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही. फोनला पाण्यापासून वाचवणारी पिशवी हवीच.

पायात बंद बूट घाला, जुने कॅनव्हासचे चालतील. होड्या पाण्यात उतरवायची जी उतरती फरशी असते, तिला सगळे स्लिपवे म्हणतात. ओहोटीला तिचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर हिरवं शेवाळ असतं. चपला घालून तिथे उभं राहणं म्हणजे पडणं. कडेच्या दगडांवर कालवं असतात. त्यांच्या धारेनं कापलं तर जखम लवकर भरत नाही. ट्रॉली उतरवताना कधीही तिच्या खालच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या दिशेला उभे राहू नका. हात सुटला तर होडीसकट ती तुमच्या अंगावर येते.

समोर नौदलाची गोदी आहे. युद्धनौकांचे फोटो काढायचे नाहीत, ड्रोन आणायचा नाही. उत्साहात सगळ्यांचाच हात फोनकडे जातो. धक्क्याकडे पाठ करून शहराचे फोटो काढा, ते सुंदर येतात.

७. पहिलं काम: बिल्ल्यांचा फळा

नवख्याला सहसा हेच काम देतात. त्यामुळे ते किरकोळ आहे असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

फळा लाकडी, त्यावर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्यावर नंबराचा पितळी बिल्ला. पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकानं आपला बिल्ला काढून जॅकेटला अडकवायचा आणि परत आल्यावर स्वतःच्या हातानं खिळ्यावर लावायचा. शेजारच्या वहीत नाव, नंबर, जायची वेळ, यायची वेळ. संध्याकाळी सगळे खिळे भरले की दिवस संपला.

माझ्या पहिल्या हंगामात, जानेवारीतल्या एका रविवारी सहा वाजता १७ नंबरचा खिळा रिकामा होता. तो बिल्ला सोळा वर्षांच्या एका मुलाकडे होता. दुर्बिणीतून बघितलं तर त्याची होडी दूर बोयाला बांधलेली, शीड गुंडाळलेलं, होडीत कुणी नाही. फोन लागेना. सूर्य टेकलेला. शर्यत अधिकाऱ्यांनी दोन्ही रेस्क्यू बोटी सोडल्या, एक मिडल ग्राउंड या बंदरातल्या बेटाच्या दिशेनं, दुसरी ओहोटीबरोबर दक्षिणेला. मी फळ्यासमोर उभी होते आणि त्या रिकाम्या खिळ्यावरून माझी नजर हलत नव्हती. चाळीस मिनिटांनी त्याच्या आईचा फोन लागला. डोकं दुखत होतं म्हणून तो चार वाजताच रेस्क्यू बोटीनं परत आला होता, होडी बोयाला सोडून, आणि घरी जाऊन झोपला होता. बिल्ला त्याच्या दप्तरात होता.

चूक माझी होती. रेस्क्यू बोटीतून कुणीतरी उतरताना मी पाहिलं होतं, पण कोण ते विचारलं नव्हतं. होडी परत आली तरच माणूस परत आला, असं मी धरून चालले होते. मला कुणी ओरडलं नाही. शर्यत अधिकारी एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी अर्धा तास आधी या, फळा तुम्हीच सांभाळायचा."

तेव्हापासून मी पाळते आणि नव्यांना सांगते ते असं. फळ्यापासून हलायचं झालं तर आधी दुसऱ्याच्या हातात वही द्यायची आणि "आता फळा तुझा" असं तोंडानं म्हणायचं. दुसऱ्याच्या वतीनं बिल्ला लावू द्यायचा नाही, सख्ख्या भावाच्याही नाही. रेस्क्यू बोटीनं परतणाऱ्याचं नाव रेडिओवरून आधी मागून घ्यायचं. आणि शेवटचा खिळा भरेपर्यंत रेस्क्यू बोटीचं इंजिन बंद होऊ द्यायचं नाही, कितीही थकलेले असले तरी.

८. कमिटी बोट: झेंडे आणि आकडे

तीन-चार रविवार फळा सांभाळलात की कमिटी बोटीवर, म्हणजे शर्यत चालवणाऱ्यांच्या बोटीवर, बोलावणं येईल. शर्यत सुरू होते ती पाच मिनिटांच्या क्रमानं. पाच मिनिटं उरली असताना त्या शर्यतीतल्या होड्यांच्या वर्गाचा झेंडा वर. चार मिनिटांना तयारीचा झेंडा वर, बहुधा निळ्यावर पांढरा चौकोन असलेला. एक मिनिटाला तो खाली आणि लांब भोंगा. शून्याला वर्गाचा झेंडा खाली, शर्यत सुरू.

यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. वेळ झेंड्यावरून धरतात, भोंग्यावरून नाही. भोंगा बिघडला तर चालतं, झेंडा उशिरा हलला तर चालत नाही. म्हणून झेंड्याचा दोर ओढणाऱ्यानं डोळे घड्याळावर ठेवायचे नसतात. वेळ दुसरा माणूस मोठ्यानं मोजतो आणि तुम्ही त्याच्या "आता"वर दोर ओढता. दोर आधी दोनदा ओढून बघा, तो अडकतो तो नेमका शेवटच्या सेकंदाला.

आणखी चार झेंडे पहिल्या दिवसापासून ओळखता यायला हवेत. तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा म्हणजे शर्यत पुढे ढकलली. पांढऱ्यावर अधिकच्या चिन्हासारखी निळी फुली म्हणजे कुणीतरी वेळेआधी रेषा ओलांडली. निळ्या काठाचा पिवळा त्रिकोणी म्हणजे सगळ्यांनी परत या. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा म्हणजे शर्यत रद्द. नियमांचं पुस्तक दर चार वर्षांनी बदलतं. सध्या २०२५ ते २०२८ चं लागू आहे. क्लबाच्या कपाटातली जुनी प्रत वाचत बसू नका.

शेवटची रेषा ओलांडणाऱ्या होड्यांचे शिडांवरचे आकडे लिहिणं हे सर्वांत अवघड काम. सहा होड्या एकदम येतात. एकानं बघून बोलायचं, दुसऱ्यानं मान खाली घालून लिहायचं. लिहिणाऱ्यानं वर बघितलं की एक आकडा गेलाच. शेजारी फोनवर आवाज ध्वनिमुद्रित होत ठेवा. वाद झाला तर तोच उपयोगी पडतो.

हे काम मनापासून आवडलं तर यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाच्या शर्यत अधिकारी आणि पंच यांच्या अभ्यासक्रमांची चौकशी करा.

९. रेस्क्यू बोट

इथे घाईनं जाऊ नका. किमान एक हंगाम काढल्याशिवाय मी कुणाची शिफारस करत नाही. जाल तेव्हा इतकं पक्कं लक्षात असू द्या.

इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या पायाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी. तो पाण्यात पडला तर ती निघते आणि पंखा थांबतो. पाण्यातल्या माणसाजवळ पोचलात की इंजिन बंद, नुसतं न्यूट्रल नाही. होडी उलटली असेल तर आधी डोकी मोजा आणि मोठ्यानं सांगा. तांडेलकाकांचं वाक्य आमच्या बोटीवर रंगानं लिहिलं आहे: "आधी माणसं, मग होडी." डोकी पूर्ण असतील आणि मुलं हसत असतील तर लगेच हात घालू नका. होडी सरळ करायला शिकायचा त्यांचा हक्क आहे. डॅगरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर, उभं राहून ती स्वतःच वर आणतात. उथळ पाण्यात मात्र डोलकाठीचं टोक चिखलात रुततं, तेव्हा जोर लावला तर काठी मोडते. आली होती त्याच दिशेनं हळू ओढा.

मोठी आणीबाणी असेल तर व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं चॅनेल, आणि फोन चालत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. दोन्ही आकडे बोटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेले आहेत का ते निघण्याआधी बघा.

१०. माणसं

क्लबात इंग्रजी बरीच चालते. सुरुवातीला मी गप्प असायचे. नंतर कळलं की नौदलातून कमोडोर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ तांडेलकाकांशी मराठीतच बोलतात, आणि वाऱ्याचा सल्ला त्यांनाच विचारतात. तुम्ही तुमच्या भाषेत बोला. फक्त रेडिओवर ठरलेले शब्दच वापरा.

बोटमन, खलाशी, रंगारी हे क्लबाचे पगारी कर्मचारी असतात. स्वयंसेवक त्यांचे साहेब नसतात. त्यांच्या दोराला, हत्याराला विचारल्याशिवाय हात लावू नका. त्यांना चहा आणायला सांगू नका, जाताना त्यांचाही आणा. ज्या माणसानं चाळीस वर्षं या पाण्यावर काढली, त्याला "ए" म्हणून हाक मारणारा नवखा आमच्याकडे दुसऱ्या रविवारी परत बोलावला जात नाही. हे मी ठामपणे सांगते, कारण ते पाहून मला फार वाईट वाटलं होतं.

मुलांबरोबर काम असेल तर एक नियम कायमचा. कुठल्याही मुलाबरोबर एकटं मोठं माणूस राहायचं नाही, कपडे बदलायच्या खोलीत तर नाहीच. नेहमी दोघं. स्वतःच्या फोनवर मुलांचे फोटो काढायचे नाहीत.

पाण्यावर जायला कधी मिळेल, हे दर आठवड्याला विचारू नका. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई या शिडाच्या होडीतून मुंबईहून निघाले आणि एकट्यानं पृथ्वीला प्रदक्षिणा घालून मुंबईलाच परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्या मोहिमेत किनाऱ्यावरून त्यांना साथ देणाऱ्यांत अभिलाष टॉमी होते. २०१२-१३ मध्ये तेच टॉमी त्याच होडीतून, कुठेही न थांबता, जग फिरून आले. मला माझी पहिली फेरी अकराव्या रविवारी मिळाली. एक होडी माणसाअभावी रिकामी होती आणि मी तिथे उभी होते.

११. दिवस संपल्यावर

शर्यत संपली की निम्मे लोक निघून जातात. थांबा. खरा क्लब त्यानंतरच्या दीड तासात भेटतो. होड्या गोड्या पाण्यानं धुवायच्या, शिडं सावलीत वाळवून मग गुंडाळायची. ओलं शीड गुंडाळलं की आठवड्यात काळे डाग पडतात. लोखंडी-पितळी सामानाकडे नीट बघा. शॅकलच्या, म्हणजे सामान जोडणाऱ्या धातूच्या कडीच्या, खिळीभोवती मीठ असं साचतं, जसं लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली. बोटानं खरवडलं की खाली तांबूस गंज. पाणी, फडकं, तेलाचा एक थेंब, आणि खिळी एकदा पूर्ण फिरवून परत. हे करता करताच मी बोलाइन आणि क्लोव्ह हिच या दोन गाठी शिकले. सुरुवातीला त्या दोन आणि क्लीटवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या खुंटीवर, दोर बांधणं एवढं पुरे. मीटरभर दोरी घरी न्या, बातम्या ऐकताना बांधा-सोडा.

मग चहा, कुणाच्या तरी घरचे पोहे, आणि दिवसभरात काय चुकलं यावर बोलणं. पहिल्या दिवशी ऐकायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमचंही मत विचारतील.

१२. पावसाळा

मेअखेर बोटी पाण्याबाहेर काढतात आणि चार महिने त्या ताडपत्रीखाली असतात. या दिवसांत तळाचं शेवाळ आणि बार्नेकल, म्हणजे तळाला चिकटणारे कवचाचे जीव, खरवडणं, फायबर घासून भरणं, रंग देणं ही कामं चालतात. फायबर घासताना साधा कापडी रुमाल पुरत नाही, कणांसाठीचा मास्क आणि चष्मा लागतो, आणि पूर्ण बाह्या. नाहीतर दोन दिवस अंगाला खाज सुटते. गाठी, नियम आणि प्रथमोपचार यांचे वर्गही याच काळात होतात. पालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते, त्या दिवशी धक्क्याकडे फिरकू नका.

नारळी पौर्णिमेला आम्ही तांडेलकाकांबरोबर कोळीवाड्यात जातो. सोन्याचा नारळ समुद्राला वाहिला की कोळ्यांची तारवं निघतात. आमच्या होड्या मात्र पाऊस पुरता ओसरेपर्यंत थांबतात. बोटी पुन्हा पाण्यात टाकायचा दिवस सप्टेंबरअखेर ठरतो. वीस होड्या एकामागून एक स्लिपवेवरून उतरवायच्या असतात आणि प्रत्येकीला सहा हात लागतात. त्या दिवशी ओळख, अनुभव, पोहणं यातलं कुणी काही विचारत नाही. नव्यानं यायचं असेल तर तो दिवस साधा. बंद बूट घाला, पाणी आणा, आणि आल्या आल्या फळ्याजवळच्या वहीत नाव लिहा.